पटावरचे प्रश्न : समोरचा खेळाडू खिलाडूवृत्ती सोडतो तेव्हा

या सदराकडे येणारी पत्रे एरवी सुरुवातीच्या चालींविषयी किंवा डावाच्या अंतिम भागाविषयी असतात. या वेळी मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना समोरचा माणूस दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्या माणसाच्या वागण्याचा मनस्ताप मात्र होतो. काही पत्रांतली तक्रार रास्त आहे, एका पत्रातली मला मान्य नाही, आणि एका वाचकाने तर स्वतःविरुद्धच तक्रार केली आहे. उत्तरे देताना मी प्रत्येक ठिकाणी आधी एवढेच पाहिले, की समोरच्याने जे केले तो त्याचा हक्क होता, असभ्यपणा होता, की फसवणूक होती. हे ठरल्याशिवाय उपाय सापडत नाही आणि रागही योग्य जागी लागत नाही. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहतो आणि पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे. रात्री अभ्यास आटोपल्यावर दहा मिनिटांचा एकच डाव खेळण्याची घरून परवानगी आहे. गेल्या आठवड्यात सतराव्या चालीला मी समोरच्याचा वजीर जिंकला. त्याच्या घड्याळात सात मिनिटे शिल्लक होती, पण त्यानंतर त्याने चालच केली नाही. कंटाळून मी पाणी प्यायला उठलो आणि ओट्याजवळ आईशी बोलत राहिलो. परत आलो तेव्हा त्याने चाल करून माझे घड्याळ सुरू केलेले होते आणि माझी अडीच मिनिटे गेली होती. डाव मी जिंकलो, पण झोप लागली नाही. अशा माणसाचे काय करावे?

उत्तर : तुझ्या पत्रातील पाणी प्यायला उठल्याची ओळ मी दोनदा वाचली, कारण तुझा डाव खऱ्या अर्थाने धोक्यात आला तो त्या क्षणी. हरलेल्या डावात घड्याळ चालू ठेवून बसणाऱ्यांपैकी काही जण केवळ रागाने बसतात, पण काही जण हिशेबाने बसतात. समोरचा कंटाळून उठेल, दुसरीकडे लक्ष घालेल, आणि आपण शेवटच्या क्षणी चाल केली की त्याची वेळ गळू लागेल, असा तो हिशेब असतो. तेव्हा पहिली गोष्ट ही, की जागा सोडायची नाही. ती सात मिनिटे त्याच्या घड्याळातली असली तरी पट तुझ्याही समोर आहे. त्याच्या प्रत्येक संभाव्य चालीला आपले उत्तर काय, हे क्रमाने मनात लावत बसलास तर तो चाल करील तेव्हा तुझे उत्तर तयार असेल. मी माझ्या विद्यार्थ्यांना अशा वेळी एका कोऱ्या कागदावर आपल्या सर्व मोहऱ्यांच्या जागा लिहायला सांगतो. हात गुंतला की चीड आपोआप कमी होते आणि पटावरचे दुर्लक्षित मोहरेही दिसू लागते.

आता हक्काचा प्रश्न. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमावलीत हरलेला डाव सोडून दिलाच पाहिजे असा नियम नाही, आणि आपल्या घड्याळातील वेळ कशी वापरायची हे खेळाडूने ठरवायचे असते. मात्र त्याच नियमावलीच्या 11.5 या कलमात प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करण्यास किंवा त्याला कोणत्याही प्रकारे त्रास देण्यास मनाई आहे, आणि ज्याची चाल आहे त्याला पंचांच्या परवानगीशिवाय खेळण्याची जागा सोडता येत नाही. प्रत्यक्ष स्पर्धेत सात मिनिटे नुसते बसणाऱ्याला समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागते, आजूबाजूचे खेळाडू पाहत असतात, पंच फेऱ्या मारत असतात, म्हणून असे फारसे घडत नाही. ऑनलाइन खेळात ती लाज नसते, त्यामुळे तिची जागा यंत्रणेला घ्यावी लागते. वारंवार डाव अर्धवट सोडणाऱ्या किंवा घड्याळ अडवून बसणाऱ्या खात्यांना मोठी संकेतस्थळे काही काळ खेळण्यास बंदी करतात. तू तक्रारीचे बटण दाबलेस तर त्या नोंदीत भर पडते. त्या एका डावापुरता तुला न्याय मिळेल असे नाही, तरीही तक्रार कर. एकदाच कर, थोडक्या शब्दांत कर, आणि त्या खेळाडूला पुन्हा आपल्याशी जोडी लागू नये यासाठी रोखून ठेव.

मात्र त्याआधी एक खात्री करून घे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाने जोर धरला की वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही जातात, हे तुला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. तुझ्यासारखाच एखादा मुलगा दुसऱ्या कोणत्या तरी डोंगरात बसलेला असेल आणि त्याचा संपर्क तुटलेला असेल. समोरचा जोडलेला आहे की नाही हे नावाजवळच्या खुणेवरून कळते. लिचेससारख्या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तो निघून गेल्याचे यंत्रणेला समजले, की काही वेळाने विजय घ्यायचा की बरोबरी जाहीर करायची असे दोन पर्याय तुझ्यापुढे येतात. डाव समसमान असताना समोरच्याची रेंज गेली असेल तर बरोबरी निवडण्याचा मोठेपणा अवश्य दाखव. 2020 साली एका ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चीनच्या डिंग लिरेनचा संपर्क तुटला आणि त्याने तो डाव वेळ संपून गमावला. पुढच्याच डावात मॅग्नस कार्लसनने सुरुवातीच्या अवघ्या काही चालींत आपला वजीर मुद्दाम देऊन डाव सोडला. त्या वेळी तो विश्वविजेता होता आणि स्पर्धेत बक्षिसाची रक्कम होती, तरी संपर्क तुटल्यामुळे मिळालेला गुण त्याला नको होता.

राहिला तुझ्या एका डावाचा प्रश्न. दहा मिनिटांच्या डावात सुरुवातीलाच चूक करणाऱ्याच्या हाती सात-आठ मिनिटे उरतात, म्हणजे तुला अडवून ठेवण्याचे साधन तूच त्याला देतोस. पाच मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे तीन सेकंदांची भर, असा डाव निवडून पाहा. चाळीस चाली झाल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकूण सातच मिनिटे येतात, अडवणूक झालीच तरी ती लवकर संपते, आणि त्या तीन सेकंदांमुळे जिंकलेला डाव केवळ घाईने हातचा जात नाही. घरून मिळालेल्या वेळेत कदाचित दोन डावही बसतील. मात्र ते आईला विचारून.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. पाच मिनिटांच्या एका डावात शेवटी दोघांकडे राजा आणि एकेक हत्ती उरला. पटावर एकही प्यादे नव्हते. कोणताही सुसंस्कृत खेळाडू येथे हस्तांदोलन करील. मी बरोबरी देऊ केली, ती त्याने नाकारली, आणि तीस-पस्तीस चाली हत्ती निरर्थक इकडेतिकडे फिरवून माझी वेळ संपवली. यंत्रणेने मला हरल्याचे दाखवले. हा खिलाडूपणाचा खून नव्हे काय?

उत्तर : सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी आपल्याशी असहमत आहे. आपला प्रतिस्पर्धी रूक्षपणे वागला हे खरे, पण त्याने आपल्या हक्काबाहेर काहीही केले नाही. ज्या डावात चालीमागे वेळेची भर पडत नाही, त्या डावात घड्याळ हेसुद्धा दोघांच्या हातातले एक मोहरेच असते, आणि खेळ सुरू करताना आपण दोघांनी ते मान्य केलेले असते. त्याने पाच मिनिटांत जेवढ्या चाली करून दाखवल्या तेवढ्या आपल्याला करता आल्या नाहीत, एवढाच त्या निकालाचा अर्थ आहे. आपल्या बुद्धिबळाच्या समजेविषयी तो निकाल काहीही सांगत नाही.

नियम असा, की एखाद्याची वेळ संपली तर तो हरतो. मात्र समोरच्याला नियमानुसार शक्य अशा कोणत्याही चालींनी मात करणे शक्यच नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. समोर नुसता राजा उरला असता तर वेळ संपूनही आपण हरला नसता. परंतु राजा आणि हत्ती यांनी मात होऊ शकते, मग ती व्यवहारात कितीही दुरापास्त असो. प्रत्यक्ष पटावर वेळेची भर नसलेल्या डावांत अशा प्रसंगी पंचांकडे दाद मागण्याची सोय फिडेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तीही ती लागू असल्याचे आधी जाहीर केले असेल तर. मोबाइलवर पंच नसल्यामुळे ती सोय उरत नाही.

आपल्याला जे खटकले ते माजी विश्वविजेता बॉबी फिशरलाही खटकत होते. कष्टाने उभारलेला डाव शेवटी हात किती चपळ आहे यावर ठरू नये, म्हणून प्रत्येक चालीनंतर थोडी वेळ परत देणारे घड्याळ त्याने कल्पिले. 1989 साली त्याला अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले आणि 1992 साली जुना प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की याच्याशी झालेल्या पुनर्लढतीत ते घड्याळ वापरले गेले. आज मोठ्या स्पर्धांत हीच पद्धत रूढ आहे आणि मोबाइलवर ती एका स्पर्शाने निवडता येते. आपण तीन मिनिटे व दोन सेकंद किंवा दहा मिनिटे व पाच सेकंद असा डाव निवडावा. राजा आणि हत्तीविरुद्ध राजा आणि हत्ती असा डाव दोन सेकंदांच्या भरीवर आपल्यासारखा जाणकार कितीही वेळ राखू शकेल, आणि प्यादे न हलता व मोहरे न मारता दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या, की बरोबरी आपल्या हक्काची होईल. यासोबत एक लहानशी सूचना. चष्मा आणि मोबाइलचा लहान पडदा यांच्या झटापटीत बोट चुकते, म्हणून शक्य असेल तर संगणकावर माउसने खेळावे. माझ्या स्वतःच्या बऱ्याच चुका पडदा बदलल्यावर कमी झाल्या.

प्रश्न : आम्ही निपाणीला राहतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला बुद्धिबळाचे वेड आहे. ती जिंकली की कधीकधी समोरून घाणेरडे शब्द येतात, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. मागच्या महिन्यात मुलांच्या एका स्थानिक ऑनलाइन स्पर्धेत तर तिच्या मराठी बोलण्यावरून कोणीतरी टोचून लिहिले. तिने मला दाखवले नाही. मोबाइल उशीखाली ठेवून ती रडत होती. तिचे खेळणे बंद करावे का?

उत्तर : ताई, खेळणे बंद करू नका. बंद करायची आहे ती संवादाची खिडकी, आणि ते काम आजच करा. बुद्धिबळाच्या डावाला गप्पांची गरज नसते. सेटिंग्जमध्ये जाऊन गप्पा बंद ठेवण्याचा पर्याय जवळजवळ सर्वत्र मिळतो. लिचेसवर लहान मुलांसाठी वेगळी सोय आहे. ती सुरू केली की संकेतस्थळावरचा सगळा संवादच बंद होतो. तिच्या खात्याचे नावही एकदा पाहून घ्या. त्यात तिचे नाव, शाळा, गाव, जन्मवर्ष यांपैकी काहीही असू नये, आणि छायाचित्राच्या जागी तिचा फोटो असू नये. जो मजकूर आला त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार नोंदवा, आणि उलट उत्तर मात्र तिने किंवा तुम्ही अजिबात देऊ नका. शिवी देणाऱ्याला उत्तर मिळाले की त्याचा हेतू साधतो.

स्थानिक स्पर्धेतील प्रसंग मी वेगळा धरतो, कारण तेथे समोरचे मूल अनोळखी नव्हते आणि आयोजकही ओळखीचे होते. आयोजकांना फोन करून शांतपणे सांगा, स्क्रीनशॉट दाखवा, आणि त्या मुलाच्या पालकांशी त्यांनी बोलावे असा आग्रह धरा. आपल्या सीमाभागात भाषेवरून घातलेला घाव मोठ्यांनाही खोल लागतो. अकरा वर्षांच्या मुलीला तो एकटीने सोसायला लावता कामा नये. मी गेली कित्येक वर्षे शहापुरातील माझ्या वर्गात एकाच सतरंजीवर मराठी आणि कन्नड घरांतील मुलांना बसवून शिकवतो. आपण ज्याला बुद्धिबळ म्हणतो त्याला ती मुले चदुरंग म्हणतात, आणि डाव संपल्यावर कोणती चाल चुकली याचा वाद दोन्ही भाषांत एकाच वेळी चालतो, त्यात कोणाचे काही अडत नाही. तुमच्या मुलीला असा एखादा प्रत्यक्ष पट मिळवून द्या. आठवड्यातून एकदा समोर माणूस बसलेला असला की मोबाइलमधल्या माणसाच्या शब्दांचे वजन कमी होते. आणि तिने तुम्हाला दाखवले नाही, याचे कारण तुम्ही मोबाइल काढून घ्याल ही भीती असण्याची शक्यता आहे. तसे होणार नाही, हे तिला आधी सांगा.

प्रश्न : समोरचा खेळाडू दर दोन चालींना बरोबरी मागतो, आणि हरल्यावर पुन्हा पुन्हा नवा डाव मागत राहतो. नाही म्हणणे असभ्य ठरेल का? (अथणी)

उत्तर : अजिबात नाही. बरोबरी नाकारण्यासाठी काही बोलावे लागत नाही. आपण चाल केली की प्रस्ताव आपोआप फेटाळला जातो. अवाजवीपणे वारंवार बरोबरी मागणे हे त्या 11.5 कलमात स्पष्ट शब्दांत निषिद्ध मानले आहे. दुसऱ्या डावाची विनंती हा मात्र केवळ प्रश्न आहे आणि त्याला उत्तर देण्याचे बंधन नाही. पट बंद करावा.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाने चिकोडी तालुक्यातील मुलांसाठी ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा घेतली. एक मुलगा, जो एरवी साधारण खेळतो, सगळे डाव जिंकला. तो दुसऱ्या मोबाइलवर इंजिन (चाली सुचवणारी संगणकप्रणाली) लावून खेळला असे सगळे म्हणतात. बक्षीस समारंभ तोंडावर आहे. त्याला बाद करावे का?

उत्तर : तुमच्या पत्रात 'सगळे म्हणतात' हे शब्द आहेत, पण एकाही डावाची नोंद जोडलेली नाही. म्हणून आधी माझी एक चूक सांगतो. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही वर्गातील मुलांची ऑनलाइन स्पर्धा घेतली होती. येळ्ळूरकडचा तेरा वर्षांचा एक मुलगा, ज्याच्याकडून मला फारशी अपेक्षा नव्हती, त्याने राजा-प्याद्याचा एक अंतिम डाव इतका अचूक खेळला की मला संशय आला. त्या वयाची मुले अशा वेळी प्यादे पुढे ढकलतात आणि डाव बरोबरीत घालवतात. याने प्याद्याला हात न लावता राजा त्याच्या पुढे नेला. मी त्याच्या वडिलांना फोन करून विचारले, की मुलाजवळ दुसरा मोबाइल होता का. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, घरात एकच मोबाइल आहे, आणि तोही शेजारचा मागून आणला होता." पुढे वर्ग सुरू झाल्यावर मी त्याच्यासमोर पट मांडला. पांढरा राजा ई 6 वर, पांढरे प्यादे ई 5 वर आणि काळा राजा ई 8 वर (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ). काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "सर, राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोहोचला की चाल कोणाचीही असो, जिंकतो. फक्त कडेच्या प्याद्याला हे चालत नाही." त्याच्या मामाकडे मुखपृष्ठ फाटलेले एक जुने बुद्धिबळाचे पुस्तक होते आणि टाळेबंदीत त्याने ते पाठ केले होते. मी त्याच मुलांसमोर त्याची क्षमा मागितली. ती क्षमा त्याने मान खाली घालून स्वीकारली, आणि पुढचे दोन महिने तो वर्गात माझ्याकडे न पाहता बोलत असे. खोटा आळ घेणे हेही खिलाडूवृत्तीविरुद्धच वागणे आहे, आणि ते माझ्या हातून झाले आहे.

तरीही इंजिनची फसवणूक ही खरी गोष्ट आहे, आणि प्रत्यक्ष पटावर असो वा मोबाइलवर, डाव चालू असताना बाहेरून कोणतीही मदत घेणे निषिद्ध आहे. बक्षीस मोठे असेल तरच माणसे असे करतात, हा समज चुकीचा आहे. 2021 च्या जून महिन्यात कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांच्याबरोबर प्रदर्शनीय डाव झाले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध खेळलेल्या एका उद्योजकाने संगणकाची मदत घेतली होती, आणि त्याने ते लगेचच जाहीरपणे कबूलही केले. तेथे जिंकण्यासारखे काहीच नव्हते. केवळ मोठ्या माणसासमोर आपण लहान दिसू नये, एवढाच मोह पुरला असावा. तुमच्या स्पर्धेतील मुलालाही सगळ्या गावासमोर तसा मोह झाला असू शकतो, किंवा झाला नसूही शकतो.

म्हणून डावांच्या नोंदी काढा आणि प्रत्येक चालीला लागलेला वेळ पाहा. समोरच्याने मोहरे मारले की त्याचे मोहरे उलट मारायला माणूस एक-दोन सेकंद घेतो आणि अवघड जागी मिनिटभर थांबतो. साधी चाल आणि अवघड चाल या दोन्हींना सारखेच आठ-नऊ सेकंद लागत असतील, आणि हे एका डावात नव्हे तर सर्व डावांत दिसत असेल, तर संशयाला आधार आहे. इंजिनशी चाली किती जुळतात हे पाहतानाही सावध राहा, कारण सुरुवातीच्या पाठ चाली आणि ज्या ठिकाणी एकच चाल शक्य होती त्या चाली जुळणारच. ज्या जागी पाच-सहा पर्याय होते आणि त्यांतला सर्वांत अनपेक्षित पर्याय योग्य होता, अशा जागा तेवढ्या मोजा. खेळ ज्या संकेतस्थळावर झाला तेथेही तक्रार नोंदवा. त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा अधिक माहिती असते. दोषी ठरलेल्या खात्याकडून गमावलेले गुण काही ठिकाणी इतरांना परत मिळतात.

परंतु तुमच्यापुढे समारंभ आहे आणि तितका वेळ नाही, तर माझा सल्ला असा. पहिल्या चार मुलांची अंतिम फेरी मंडळाच्या मंडपातच, प्रत्यक्ष पटांवर, घड्याळ लावून घ्या. कोणावर संशय आहे हे कोणालाही सांगू नका. ऑनलाइन फेरी ही निवडीसाठी होती आणि निकाल पटावर लागेल, असे सर्वांना एकाच वेळी कळवा. अट आधी सांगितलेली नसल्यामुळे पालक नाराज होतील. त्यांना सामोरे जा आणि चूक आयोजनात राहिली हे मान्य करा. मी तरुणपणी मिरजेमार्गे सांगलीला, 1941 पासून चालत आलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळात खेळायला जात असे, तेव्हा डाव संपल्यावर तेथील ज्येष्ठ खेळाडू जिंकणाऱ्याला बसवून विचारत, की ही चाल का केलीस. उत्तर देताना खेळाडूची खरी समज लपत नसे. तुम्हीही डावानंतर चौघांनाही तसेच विचारा. ज्याने चाल स्वतः शोधली आहे तो हात पटावर नेऊन बोलतो. मुलाने खरोखर मदत घेतली होती असे निघाले, तर त्याला बाजूला घेऊन, वडीलधाऱ्यांपैकी एकाच्या समक्ष बोला. ध्वनिवर्धकावरून नको.

प्रश्न : मी अनगोळला राहतो आणि उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करतो. इतरांच्या तक्रारी तुम्ही छापता, पण मी स्वतः त्यातलाच आहे. दुसरी पाळी करून रात्री घरी आलो की खेळतो, आणि हरायला लागलो की डाव सोडवत नाही. घड्याळ चालू ठेवून भिंतीकडे बघत बसतो. दिवसभर वरिष्ठांचे ऐकून घेतलेले असते, आणि तेथे तरी कोणाला तरी थांबवून ठेवले असे वाटते. नंतर लाज वाटते. परवाच्या डावाची नोंद सोबत पाठवली आहे. त्यात साडेसहा मिनिटे मी असाच बसलो आणि वेळ संपून हरलो. ही सवय कशी मोडावी?

उत्तर : तुमचे पत्र या सर्व पत्रांत मला सर्वांत मोलाचे वाटले. आठ तास भट्टीसमोर उभे राहून आलेल्या माणसाला हरणे जड जाते, हे मी समजू शकतो, आणि तुम्ही वाईट आहात असे मला वाटत नाही. पण ज्याला तुम्ही थांबवून ठेवता तोही कदाचित कुठल्यातरी पाळीवरूनच आलेला असतो आणि त्यालाही सकाळी उठायचे असते. खानापूरच्या विद्यार्थ्याचे पत्र वर छापले आहे, ते एकदा त्याच्या जागी बसून वाचा.

काही साध्या गोष्टी करून पाहा. पाळीवरून आल्या आल्या खेळू नका. आधी अंघोळ आणि जेवण होऊ द्या. दहा मिनिटांचे डाव सोडून वेळेची भर असलेले लहान डाव खेळा, म्हणजे अडवून ठेवायला तुमच्याकडेच वेळ उरणार नाही. लागोपाठ दोन डाव हरलात तर त्या रात्री तिसरा खेळू नका. हरण्याची चीड पुढच्या डावात जाते आणि मग तो डावही तिच्यापायी हरतो. आणि जेव्हा हात थांबेल तेव्हा भिंतीकडे न पाहता पटाकडे पाहा आणि मोठ्याने विचारा, की मला येथे कोणत्या चाली शक्य आहेत. त्या मोजा. उत्तर सापडले नाही तर डाव सोडा.

हे मी तुमच्या त्या डावाची नोंद पाहून सांगतो आहे. तुम्ही थांबलात तेव्हा तुमचा पांढरा राजा एच 1 वर होता, हत्ती ई 8 वर आणि एकुलते एक प्यादे एच 2 वर. समोरच्याचा राजा एच 7 वर, वजीर डी 4 वर आणि प्यादी जी 7, जी 6 व एच 3 वर होती. वजीर तुमच्या राजाची जी 1 ही जागा रोखून होता, एच 3 वरचे प्यादे जी 2 रोखून होते आणि तुमच्या प्याद्याची वाटही त्यानेच अडवली होती. म्हणजे हत्तीखेरीज तुमचे काहीच हलू शकत नव्हते. पुढच्या चालीला वजीर डी 5 वर येऊन शह देणार आणि मग जी 2 वर मात होणार, हे तुम्हाला दिसले आणि तुम्ही हात काढून घेतला. चाल तुमची होती. हत्ती एच 8 वर नेऊन शह द्या. काळ्या राजाला जी 8 आणि एच 6 या दोन्ही जागा हत्तीमुळे बंद आहेत, जी 6 आणि जी 7 वर त्याचीच प्यादी आहेत, आणि जी 7 च्या प्याद्यामुळे त्याचा वजीर एच 8 पर्यंत पोहोचत नाही. हत्ती मारण्याशिवाय राजाला गत्यंतर नाही, आणि त्याने हत्ती मारला की तुमच्या राजाला शह नाही आणि तुम्हाला एकही चाल उरत नाही. डाव बरोबरीत सुटतो. त्या साडेसहा मिनिटांत ही चाल पटावरच होती.